हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू आहेत आणि हिपॅटायटिस बीचा जुना कागद सापडला, आता काय?

पत्र : माझ्या मिस्टरांचं वय ५२. रबाळे एमआयडीसीत नोकरी, राहायला आम्ही ऐरोलीला. शाळेत असताना १९८८ मध्ये अपघात झाला तेव्हा त्यांना तीन बाटल्या रक्त चढवलं होतं. यंदा कंपनीच्या तपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढतं ते एन्झाइम) वाढलेलं निघालं आणि पुढे हिपॅटायटिस सी सापडला. तेव्हाचे आकडे : व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) १४ लाख, एसजीपीटी ९६, एसजीओटी ८८, प्लेटलेट १ लाख ३८ हजार. डॉक्टरांनी सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटासविर ६० या गोळ्या रोज एकेक, १२ आठवडे लिहून दिल्या. चार आठवड्यांनी व्हायरल लोड ‘आढळला नाही’ आणि एसजीपीटी ३४. आता दुसऱ्या बाटलीतल्या नऊ गोळ्या झाल्यात. परवा कपाट आवरताना २००९ सालच्या कंपनीतल्या रक्तदान शिबिराचं पत्र हाती आलं : ‘ऑस्ट्रेलिया अँटिजन पॉझिटिव्ह. रक्तदान करू नये, डॉक्टरांना भेटावे.’ तेव्हा काही त्रास नव्हता, विषय राहून गेला. भाचा लॅब टेक्निशियन आहे. फाइल चाळून तो म्हणाला, यात हिपॅटायटिस बीची तपासणी कुठेच नाही, आणि सीचं औषध घेताना बी उठतो. गोळ्या बंद करू का? डॉक्टरांना विचारलं तर त्यांना राग तर येणार नाही? मिस्टरांना शुगर आहे, ग्लिमेपिराइड घेतात. सकाळी पित्तासाठी पॅन-४० असते. शेजारच्या काकूंनी सांगितल्यापासून गुळवेलीचा काढाही रोज चालू आहे.
– एक वाचक, ऐरोली

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला ‘गोळ्या थांबवू नका, उद्या सकाळी रक्त द्या’ एवढं कळवलं होतं. त्यामागचं सगळं आता सविस्तर लिहितो आहोत. ‘सी निघाला, गोळ्या चालू आहेत, बीचं कोणी विचारलंच नाही’ ही परिस्थिती तुमच्या एकट्याच्या घरची नाही.

भाच्याने बरोबर ओळखलं. ‘ऑस्ट्रेलिया अँटिजन’ हे हिपॅटायटिस बीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जुनं नाव. आजच्या रिपोर्टवर ते ‘एचबीएसएजी’ असं येतं. २००९ मध्ये ते पॉझिटिव्ह होतं, म्हणजे तुमच्या यजमानांच्या यकृतात बी आणि सी दोन्ही विषाणू वस्तीला असण्याची दाट शक्यता आहे.

दोघे एकाच यकृतात असले की बहुतेक वेळा सी वरचढ ठरतो. सीमुळे यकृताच्या पेशींमध्ये इंटरफेरॉनची (विषाणूंविरुद्ध शरीर तयार करतं त्या प्रथिनाची) धोक्याची घंटा सतत वाजत राहते आणि तिच्या धाकाने बी दबून राहतो. ३१ डिसेंबरला पाम बीच रोडवर नाकाबंदी लागते. ती असते दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी, पण त्या रात्री लायसन्स नसलेलाही गाडी बाहेर काढत नाही. नाकाबंदी उठली की तो निघतो. यजमान घेत असलेल्या गोळ्या सीला काही आठवड्यांत संपवतात, घंटा थांबते आणि नाकाबंदी उठते. बीवर मात्र या गोळ्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. बी पुन्हा वेगाने वाढू लागतो, मग शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते आणि त्या झटापटीत यकृताच्या पेशी मरतात. एसजीपीटी चढतं ते या टप्प्यावर.

पूर्वी सीसाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. ती दोन्ही विषाणूंवर काम करायची, त्यामुळे हा प्रश्न फारसा समोर आला नाही. नव्या गोळ्यांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत तर बी असलेल्या रुग्णांना घेतलंच नव्हतं, म्हणून तिथेही तो दिसला नाही. गोळ्या सर्रास वापरात आल्यावर दिसला. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सीच्या या सगळ्या गोळ्यांवर चौकटीतला इशारा छापणं सक्तीचं केलं. त्याआधीच्या पावणेतीन वर्षांत त्यांच्याकडे अशा २४ रुग्णांची नोंद झाली होती. त्यातले दोन दगावले आणि एकाला यकृत प्रत्यारोपण करावं लागलं. लाखो लोकांनी घेतलेल्या औषधांमध्ये २४ हा आकडा लहान आहे, पण ही फक्त कळवली गेलेली प्रकरणं. महत्त्वाचं म्हणजे रक्ताच्या एका साध्या तपासणीने हे आधीच ओळखता येतं. म्हणूनच सीची पहिली गोळी तोंडात जाण्याआधी बीची तपासणी झालीच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. ज्यांचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह होतं त्यांच्यातल्या साधारण २४ टक्के रुग्णांत बी पुन्हा उठला आणि ९ टक्क्यांच्या आसपास रुग्णांना त्यातून यकृताचा दाह झाला. ज्यांना बी कधीतरी होऊन गेला होता, पण एचबीएसएजी निगेटिव्ह झालं होतं, त्यांच्यात हे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी निघालं. तुमचे यजमान आज यातल्या कोणत्या गटात आहेत हे २००९ चा कागद सांगू शकत नाही. ते आजचं रक्तच सांगेल.

लॅबमध्ये जाताना चाचण्यांची नावं कागदावर लिहून न्या, कारण ती ऐकायला सारखी आहेत आणि काउंटरवर हमखास घोळ होतो. एक, एचबीएसएजी. दोन, अँटी-एचबीसी टोटल. इथे ‘टोटल’ शब्दावर बोट ठेवून सांगा, नाहीतर ‘आयजीएम’ची चाचणी होते आणि ती जुना संसर्ग दाखवत नाही. तीन, अँटी-एचबीएस, म्हणजे संरक्षण देणारं प्रतिपिंड. चार, एचबीव्ही डीएनए क्वांटिटेटिव्ह, बीचा व्हायरल लोड. तुमच्या फाइलमध्ये आहे तो एचसीव्ही आरएनए, सीचा. एका अक्षराच्या फरकाने सीचाच रिपोर्ट दुसऱ्यांदा येतो आणि आठवडा फुकट जातो. यांच्याबरोबर एलएफटी (यकृताची तपासणी), पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), सीबीसी (रक्तपेशींची) आणि एचआयव्हीची चाचणी. एचआयव्ही वाचून दचकू नका. बीच्या गोळ्या एचआयव्हीच्या विषाणूवरही काम करतात. एचआयव्ही आहे हे न कळता त्या एकट्याच दिल्या तर तो विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून ती चाचणी सगळ्यांचीच करतात.

एचबीएसएजी त्याच दिवशी कळतं. डीएनएला काही दिवस लागतात आणि खासगीत ती चाचणी काही हजारांत जाते. ठाण्याचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथे ‘राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमा’ची चौकशी करा. हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात बी आणि सी दोन्हींच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. फक्त ‘तिथे नंबर लागेपर्यंत थांबू’ असं यावेळी करू नका. निदान एचबीएसएजी आणि एलएफटी उद्याच्या उद्या बाहेर करून घ्या.

ही घाई का, तर औषधाच्या बाटलीकडे बघा. एका बाटलीत २८ गोळ्या, तीन बाटल्या म्हणजे ८४ दिवस. यजमानांचा आज ३७ वा दिवस आहे. अमेरिकेत नोंदलेल्या प्रकरणांत बी बहुतेक वेळा उपचाराच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात उठला होता, म्हणजे नेमका दुसऱ्या बाटलीच्या काळात. पहिली बाटली संपली तेव्हाचं एसजीपीटी ३४ हे चांगलंच आहे, पण ते २८ व्या दिवसाचं आहे. आधी बीचा डीएनए वाढतो, एसजीपीटी त्याच्या मागून काही आठवड्यांनी वाढतं. त्यामुळे २८ व्या दिवशीच्या ३४ वरून ५० व्या दिवशी काय होईल ते सांगता येत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सीच्या गोळ्या बंद करू नका. अर्ध्यावर सोडल्या तर उरलासुरला सी परत डोकं वर काढतो. त्यात डॅक्लाटासविरला न जुमानणारे विषाणू निवडले जातात आणि असे विषाणू शरीरात वर्षानुवर्षं राहू शकतात. पुढच्या वेळी उपचार अवघड आणि महाग होतो. शिवाय बी एकदा उठला असेल तर सीची गोळी बंद केल्याने तो लगेच झोपी जात नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. बीला आवरायला बीचंच औषध लागतं आणि ते सीच्या गोळ्यांबरोबर देता येतं. यकृत निकामी होण्याच्या मार्गावर असेल तर सीचं औषध थांबवायचं का, हा निर्णय रुग्णालयात भरती करून डॉक्टर घेतात. तो घरी घ्यायचा नाही.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर आमचं मत स्पष्ट आहे : डीएनएसाठी रक्त द्या आणि रिपोर्टची वाट न बघता बीची गोळी सुरू करण्याबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. डीएनए अगदी कमी असेल तर गोळी न देता दर चार आठवड्यांनी डीएनए करत लक्ष ठेवायचं, हाही मान्य मार्ग आहे. पण त्यात एकही तारीख चुकून चालत नाही, आणि तुम्ही धोक्याच्या आठवड्यांच्या मधोमध आहात. म्हणून आम्ही गोळीच्या बाजूने आहोत.

गोळी कोणती हे मूत्रपिंडावर ठरतं. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम रोज एक ही नेहमीची. मधुमेहामुळे क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील तर डॉक्टर टेनोफोविर अलाफेनामाइड २५ मिलिग्रॅम किंवा एंटेकाविर ०.५ मिलिग्रॅम देतील. एंटेकाविर रिकाम्या पोटी घ्यायचं असतं : जेवणानंतर दोन तासांनी, आणि पुढचे दोन तास काही खायचं नाही. रात्री साडेआठला जेवण असेल तर साडेदहाला गोळी आणि मग झोप, हे जमतं. सीच्या गोळ्या सकाळी चालू द्या. सगळ्या नावांच्या शेवटी ‘विर’ आहे, म्हणून बाटल्यांवर मार्करने मोठं ‘सी सकाळ’, ‘बी रात्र’ लिहून टाका. चष्मा नसतानाही वाचता आलं पाहिजे.

बीच्या गोळीचा शेवट सीच्या गोळीसारखा नसतो आणि चुका होतात त्या इथेच. सीची शेवटची गोळी संपल्याच्या आनंदात लोक बीचीही सोडून देतात. ती किमान पुढचे १२ आठवडे चालू राहिली पाहिजे. त्यानंतर डीएनए, एसजीपीटी आणि यकृताची अवस्था पाहून डॉक्टर ठरवतात की थांबवायची, की वर्षानुवर्षं चालू ठेवायची. स्वतःहून अचानक बंद केली तर बी पुन्हा उसळतो, आणि ती उसळी पहिलीपेक्षा जोरदार असू शकते. गणपतीला गावी जाताना, लग्नाला जाताना पिशवीत आठ-दहा गोळ्या जास्तीच्या ठेवा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये हे औषध मिळेलच असं नाही.

एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह आलं, तर बी होऊन गेला आणि आता झाकलेला आहे. अशा वेळी सहसा बीची गोळी देत नाहीत. दर चार आठवड्यांनी एसजीपीटी बघतात आणि ते चढलं तर लगेच एचबीएसएजी आणि डीएनए करतात. तुमच्याकडे जुना पॉझिटिव्ह कागद आहे, त्यामुळे डीएनए एकदा आत्ताच केलेला बरा. बीचं बियाणं यकृताच्या पेशींच्या केंद्रकात राहतं. रक्तात काही दिसलं नाही तरी ते तिथे असतं.

यादीतल्या पहिल्या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या तर शिबिरातला निकाल बहुधा चुकीचा होता. घाईत वापरलेल्या पट्टीच्या चाचणीत असं होतं. मग यजमानांना बीची लस द्या : आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस.

निकाल कोणताही येवो, तारखा बाटल्यांवरून लक्षात ठेवा. बाटली संपते त्या दिवशी रक्त द्यायचं : २८ वा, ५६ वा आणि ८४ वा दिवस. औषध संपल्यावर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा. शेवटच्या तीन तारखा सगळ्यात जास्त चुकतात, कारण तोवर घरात ‘झालं एकदाचं’ असं वाटू लागलेलं असतं. एसजीपीटी वाचताना लॅबने छापलेल्या मर्यादेपेक्षा आधीच्या सगळ्यात खालच्या आकड्याकडे बघा. तुमच्या घरी तो ३४ आहे. पुढचा रिपोर्ट ७० आला, तर मर्यादेपेक्षा थोडंच जास्त म्हणून कदाचित कोणी लक्ष देणार नाही. पण सी गेल्यावर जे खाली यायला हवं ते दुप्पट झालंय, म्हणजे दिशा फिरली आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बीचा डीएनए शंभरपट झाला, समजा ५०० वरून ५० हजार, तर बी उठला असं डॉक्टर धरतात, आणि त्याबरोबर एसजीपीटी तळाच्या तिप्पट होऊन १०० च्या वर गेलं तर त्यातून यकृताचा दाह झाला असं.

घरच्या घरी बघायच्या गोष्टी : जेवणावरची वासना अचानक उडणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली जडपणा, न जाणारा थकवा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं आणि भरपूर पाणी पिऊनही तशीच राहणं. डोळ्यांचा पांढरा भाग सकाळी खिडकीजवळ उन्हाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली सुरुवातीची कावीळ दिसत नाही. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी एलएफटी आणि आयएनआर. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, दिवसा गुंगीत राहायला लागला, हिरड्यांतून रक्त आलं किंवा आयएनआर १.५ च्या वर गेला, तर ओपीडीची वेळ बघत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या आणि दारातच सांगा, ‘सीच्या गोळ्या चालू आहेत, बी असण्याची शक्यता आहे.’

तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे जी तुम्ही विचारलेली नाही, पण आमचं लक्ष तिथेच अडकलं : प्लेटलेट १ लाख ३८ हजार. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-४’ नावाचा अंदाज काढतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. यजमानांचं गणित असं : ५२ गुणिले ८८ म्हणजे ४५७६, १३८ गुणिले ९.८ म्हणजे साधारण १३५२, भागाकार ३.३८. हा आकडा ३.२५ च्या वर गेला की यकृतात बरेच व्रण झाले असण्याची, कदाचित सिरॉसिसची (व्रणांनी यकृत कडक होण्याची) शंका घ्यावी लागते. एवढ्यावर निदान होत नाही. म्हणून फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या, तीन तास उपाशीपोटी. एसजीपीटी चढलेलं असताना फायब्रोस्कॅनचा आकडा खोटा फुगतो. आता ते उतरलंय, त्यामुळे वेळ योग्य आहे.

याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. सिरॉसिस असेल तर यकृताकडे राखीव ताकद कमी असते. बीची जी उसळी दुसरा माणूस पंधरा दिवसांच्या थकव्यावर निभावून नेईल, ती अशा यकृताला झेपणार नाही. मग बीची गोळी ‘बघू नंतर’वर टाकता येत नाही. दुसरं म्हणजे सीचा उपचारही पुन्हा तपासावा लागतो. सोफोसबुविर-डॅक्लाटासविर १२ आठवडे हा सिरॉसिस नसलेल्यांचा कोर्स आहे. सिरॉसिस असेल तर हीच जोडी २४ आठवडे देतात, किंवा सोफोसबुविर-वेल्पाटासविर १२ आठवडे. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या सीच्या जनुकप्रकार ३ मध्ये तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. हा निर्णय तिसरी बाटली संपण्याच्या आत व्हायला हवा, म्हणून फायब्रोस्कॅन याच पंधरवड्यात करा. औषध बदलून वेल्पाटासविर दिलं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅन-४० सारख्या पित्ताच्या गोळ्यांमुळे वेल्पाटासविर नीट शोषलं जात नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारून पॅन बंद करावी लागेल. आणि वेल्पाटासविरबरोबर टेनोफोविर डायसोप्रॉक्सिलचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून क्रिएटिनिन अधिक वेळा बघावं लागेल. सध्याच्या डॅक्लाटासविरबरोबर पॅन चालते.

शुगरचं एवढंच : सी गेला की इन्सुलिनचं काम सुधारतं आणि तोच ग्लिमेपिराइडचा डोस अचानक जास्त होऊ शकतो. घाम, थरथर, चक्कर आली तर आधी साखर द्या, मग ग्लुकोमीटर. आठवड्यातून दोन-तीनदा उपाशीपोटी मोजून वहीत लिहा आणि आकडे खाली सरकताना दिसले तर डोस कमी करायला विचारा.

गुळवेलीचा काढा आजपासून बंद. काकूंचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. शिवाय उद्या एसजीपीटी वाढलं तर ते बीमुळे की काढ्यामुळे, हे शोधण्यात नेमके मोलाचे दिवस जातील. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांनाही हेच लागू.

डॉक्टरांना विचारण्याचा संकोच सोडा. तुम्ही चूक काढत नाही आहात, त्यांच्यापर्यंत न पोहोचलेली माहिती देत आहात. २००९ चा कागद त्यांनी पाहिलेलाच नव्हता. उद्या आत गेल्यावर तो कागद टेबलावर ठेवा आणि एवढंच बोला : ‘डॉक्टर, हा जुना कागद सापडला, यात ऑस्ट्रेलिया अँटिजन पॉझिटिव्ह आहे. सीच्या गोळ्यांचा आज ३८ वा दिवस आहे. बीच्या तपासण्या लगेच करूया का, आणि बीची गोळी लागली तर कधीपासून?’ फाइल चाळायला कोणाला वेळ नसतो, पण या तीन वाक्यांवर कुठलाही डॉक्टर थांबतो. एवढं सांगूनही ‘काही होत नाही’ म्हणून उडवून लावलं, तर यकृतविकारतज्ज्ञाचं दुसरं मत घ्या. आणि हो, यजमानांचं मधल्या काळात एखादं ऑपरेशन झालं असेल तर त्या वेळचे कागद शोधा. ऑपरेशनआधी एचबीएसएजी बहुतेक ठिकाणी करतातच.

सी पूर्ण गेला की नाही हे शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी केलेल्या एचसीव्ही आरएनएवरून ठरतं. अँटी-एचसीव्ही मात्र आयुष्यभर पॉझिटिव्हच येईल. पुढे एखाद्या लॅबच्या कागदावर ते दिसलं म्हणून पुन्हा घाबरू नका. बी पॉझिटिव्ह निघाला किंवा सिरॉसिस असला, तर दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी लागेल. बी असलेल्या चाळिशीपुढच्या पुरुषांना सिरॉसिस नसतानाही यकृताच्या कर्करोगाचा धोका असतो, म्हणून सी गेल्यानंतरही ती चालू ठेवायची.

आता तुमचं आणि मुलांचं. बी एकत्र जेवण्याने, ताट-वाटीने, मिठीने पसरत नाही. रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. यजमानांचा रेझर, नेलकटर, टूथब्रश वेगळा ठेवा आणि न्हाव्याकडे नवं ब्लेड लावायला सांगा. तुमची स्वतःची एचबीएसएजी, अँटी-एचबीसी टोटल, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचसीव्ही ही तपासणी यजमानांबरोबर एकाच फेरीत करून टाका. अँटी-एचबीएस १० च्या खाली आणि बाकी निगेटिव्ह असेल तर लसीचे तीन डोस घ्या आणि ते पूर्ण होऊन संरक्षण तयार होईपर्यंत निरोध वापरा. मुलांच्या लसीकरण कार्डावर बीचे डोस लिहिलेले असले तरी त्यांचंही एचबीएसएजी एकदा करून घ्या.